दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे पिलबॉक्स: अवस्था, दुरुस्ती आणि पुनर्वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे, कळवा, मुंब्रा, बेलापूर या पट्ट्यातले दुर्गप्रेमी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ६ वाचा. सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं, आणि तेही चांगल्या मनाने.

१. पिलबॉक्स म्हणजे नेमकं काय? बंकर आणि पिलबॉक्स एकच का?

पिलबॉक्स म्हणजे जाड भिंतींची, बुटकी, काँक्रीटची खोली. बंदूक किंवा मशिनगनने बाहेर मारा करण्यासाठी भिंतींना जंग्या, म्हणजे अरुंद भोकं, मागच्या बाजूला एकच लहान दार, आत मूठभर सैनिक. बंकर आपण सगळ्यालाच म्हणतो, पण बंकर बहुधा लपायला, दारूगोळा साठवायला किंवा नियंत्रण-कक्ष म्हणून बांधलेला असतो. पिलबॉक्समधून मारा करायचा असतो. गडकोट फिरणाऱ्यांनी तटबंदीशिवाय एकटाच उभा असलेला बुरूज डोळ्यांसमोर आणावा.

ब्रिटनमध्ये १९४० साली फ्रान्स पडल्यावर जर्मन आक्रमणाच्या भीतीने हे काम युद्धपातळीवर झालं. लष्कराच्या एफडब्ल्यू३ या शाखेने ठरावीक नकाशे काढून दिले: टाइप २२ समभुज षटकोनी, टाइप २४ विषमभुज षटकोनी, टाइप २६ चौकोनी. नुसती गोळी अडवायची असेल तर भिंत ३० ते ३८ सेंटिमीटर, तोफगोळा अडवायचा असेल तर सुमारे १०७ सेंटिमीटर. पिलबॉक्स आणि तत्सम मोर्चे मिळून सुमारे २८,००० बांधले गेले, त्यांतले साधारण ६,५०० आज उरले आहेत.

२. भारतात तर युद्ध पोचलंच नाही. मग इथे असले मोर्चे कशाला?

पोचलं होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला जपान्यांनी अंदमान घेतलं आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा बंदरांवर बॉम्ब पडले. त्या उन्हाळ्यात पुढचा हल्ला कुठे होईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर पिलबॉक्स आजही आहेत. पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्हला जे मोर्चे दिसतात ते मात्र जपान्यांनी बांधलेले.

आपल्या जिल्ह्याचा वाटा मुख्यतः पिछाडीचा होता. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. म्हणून सैन्याची ने-आण इथून सोयीची. कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली आणि नेवाळीला धावपट्टी झाली. तेव्हा ठाणे जिल्ह्यातला युद्धाचा वारसा शोधायचा असेल तर नुसते पिलबॉक्स शोधू नका. बराकी, धावपट्ट्या, कोठारं, पाण्याच्या टाक्या हे सगळं त्याच गोष्टीचे तुकडे आहेत.

३. आमच्याकडे खाडीकाठी एक काँक्रीटची खोली पडीक आहे. ती पिलबॉक्स आहे हे कसं ओळखायचं?

आधी नुसत्या शक्यता बघा. आपल्या भागात जुनी पडीक काँक्रीटची खोली म्हणजे मिठागराची चौकी, पंपघर, जलवाहिनीचा व्हॉल्व्ह चेंबर किंवा पारसिकच्या डोंगराकडे दगडखाणीच्या स्फोटकांचं कोठार असू शकतं. फोटोवरून ठरवायची घाई करू नका.

जागेवर जाऊन चार गोष्टी बघायच्या. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. एक फुटापेक्षा कमी असेल तर शंका घ्या. भोकं नुसती हवेची आहेत की जंग्या आहेत ते पाहा: जंगी एका बाजूने अरुंद आणि दुसऱ्या बाजूने पसरट असते, कधी कधी तिच्या कडेला गोळी आत घसरू नये म्हणून पायऱ्या असतात. दारासमोर आतल्या बाजूला आडवी भिंत आहे का? ती स्फोटाचा धक्का अडवते. शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: जंगीतून बाहेर बघा. पूल, रस्ता, धक्का किंवा किनारा बरोबर माऱ्यात येत असेल तर बांधणाऱ्याचा हेतू कळतो. समोर काहीच नसेल, आणि १९४०च्या सुमारासही नसेल, तर ती खोली बहुधा दुसऱ्याच कामाची. जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावर, हे पडताळता येतं.

पिलबॉक्स नाही असं निघालं तरी नोंद फेकू नका. मिठागराची चौकीसुद्धा आपल्या खाडीचा इतिहासच आहे.

४. भिंत तीन-तीन फूट जाड, तरी काँक्रीट फुटतं कसं?

कारण सळई तीन फूट आत नसते. ती पृष्ठभागाजवळच असते, कधी कधी जेमतेम इंचभर आत. भिंत कितीही जाड असो, सळईचं संरक्षण तिच्यावरच्या आवरणाइतकंच. आजचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारपट्टीच्या काँक्रीटला ४५ ते ५० मिलिमीटर आवरण मागतं. युद्धाच्या घाईत एवढं कोण मोजत बसणार?

ताजं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२.५ च्या वर. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याचा वेग काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालतो: दहा वर्षांत १० मिलिमीटर आत गेलं असेल तर २० मिलिमीटरला चाळीस वर्षं लागतात. ऐंशी वर्षांत इंचभर आवरण संपणं म्हणूनच स्वाभाविक आहे. त्यानंतर पाणी आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आधी बारीक उभी-आडवी तडा, मग पोपडा, मग उघडी सळई.

खाडीकाठी याला मिठाची जोड मिळते. मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं तर कार्बोनेशनची वाट न बघता जागोजागी खड्डे पाडत गंज चढतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावर तर समुद्रकाठचीच वाळू-गोटे काँक्रीटमध्ये टाकलेले आढळतात, म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून आत. त्यात ठाण्याचा पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. चार महिने भिजायचं, आठ महिने सुकायचं. सतत पाण्याखाली असलेल्या काँक्रीटला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तिथे गंज मंद असतो. हे ओलं-कोरडं होत राहणंच सगळ्यात वाईट.

५. बाहेरून धडधाकट दिसतं. आतली अवस्था कशी तपासायची?

हातोडीने हलके ठोकून बघा. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं पोकळ बोलतं. पोकळ भाग खडूने आखून फोटो काढा. या साध्या पद्धतीने मिळणारी माहिती अनेक महागड्या चाचण्यांपेक्षा उपयोगी पडते. ताज्या फुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं तर शाबूत काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं रंगहीन राहतं. पट्टी लावून खोली मोजा. क्लोराइडचं प्रमाण आणि हाफ सेल चाचणी (सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारी विद्युत चाचणी) स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण कार्बोनेशनमुळे पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा फसवा, मोठा येतो.

छताच्या खालची बाजू सगळ्यात आधी तपासा. माणसाच्या डोक्यावर पोपडा पडतो तो तिथूनच.

६. मंडळातर्फे सिमेंटचा गिलावा आणि रंग मारून जीर्णोद्धार करायचं ठरलंय. वर्गणीही जमलीय. करू का?

नको. हात जोडून सांगतो, नको.

गंजलेल्या सळईवर गिलावा म्हणजे रोग झाकणं. आतला गंज वाढतच राहतो आणि एक-दोन पावसाळ्यांत नवा थर जुन्या काँक्रीटचा तुकडा घेऊन खाली येतो. मीठ असलेल्या भिंतीत नुसतं ठिगळ लावलं तर आणखी एक घोळ होतो: ठिगळातली सळई सुरक्षित होते आणि तिच्या कडेची, आजवर बरी असलेली सळई वेगाने गंजू लागते. जाड ऑइलपेंट ओल आत कोंडतो, लोणा फुटतो, रंगाचे फुगे येतात.

आणि जे पुसलं जातं ते परत मिळत नाही. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे, ओल्या काँक्रीटवर कोणा मजुराने बोटाने कोरलेलं नाव किंवा तारीख, रंगाच्या जुन्या लष्करी खुणा. बांधणाऱ्यांची कागदावर नोंद कुठे नसते, ती तिथेच असते. वर्गणी जमली असेल तर ती प्रश्न ५ मधल्या तपासणीवर आणि प्रश्न ९ मधल्या पाण्याच्या निचऱ्यावर खर्च करा. तिरंगा रंगवायची इच्छा मी समजू शकतो. त्यासाठी शेजारी ध्वजस्तंभ उभारा, भिंत सोडा.

७. मग दुरुस्तीची योग्य पद्धत कोणती?

सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळईच्या मागे साधारण इंचभर मोकळं करायचं, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं, झिंकयुक्त प्रायमर द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. क्लोराइड जास्त असेल तर सळईला जस्ताचे बलिदानी अ‍ॅनोड जोडतात, म्हणजे लोखंडाऐवजी जस्त झिजतं. नव्या मॉर्टरचा रंग आणि पोत जुन्याच्या जवळचा असावा, पण जवळून पाहिल्यावर दुरुस्ती ओळखू यावी. प्रत्येक फुटलेली जागा भरायची गरज नसते. जिथे कोणाच्या डोक्यावर काही पडणार नाही आणि पाणी मुरत नाही, तिथे उघडी सळई साफ करून तशीच ठेवणं मी पसंत करतो.

८. छतावर पिंपळ आलाय. उपटून टाकला तर?

उपटू नका. मुळं तडांमध्ये घट्ट बसलेली असतात, ओढताना काँक्रीटच निघतं. बुंधा कापा, कापलेल्या तोंडावर तणनाशक लावा, मूळ पूर्ण मेल्यावर पोकळीत ग्राउट (पातळ सिमेंटचं मिश्रण) भरा. मेलेलं मूळ कुजून पोकळी राहते आणि पाणी तिथूनच उतरतं, म्हणून शेवटची पायरी गाळू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पुन्हा येणारच. दर वर्षी पावसाळ्यानंतर एक फेरी मारून बोटभर रोपं काढली तर काहीच खर्च येत नाही. मोठं झाड असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

९. आत गुडघाभर पाणी साचतं आणि छतही गळतं. वर पत्र्याची शेड टाकावी का?

खालचं पाणी आधी. बहुतेक वेळा आजूबाजूला भराव होऊन बाहेरची जमीन वर आलेली असते आणि दाराचा उंबरठा खाली जातो. चहूबाजूंनी चर काढून पाणी उताराकडे वळवलं की निम्मा प्रश्न सुटतो. साचलेल्या पाण्यात उतरताना गमबूट घाला, लेप्टोची भीती खरी आहे.

छतावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर, टाकू नका. गंजलेल्या स्लॅबवर ते फुकटचं ओझं आहे, आणि विटांत पाणी धरून राहतं. मूळ उतार मोकळा करा, तडा भरा, श्वास घेऊ देणारं लेपन द्या. पत्र्याची शेड आपल्याकडे प्रत्येक गच्चीवर दिसते म्हणून सुचते. तात्पुरता उपाय म्हणून, स्वतःच्या खांबांवर उभी आणि पिलबॉक्सला कुठेही बोल्ट न मारता, ती चालेल. दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त ठेवायची वेळ आली तर मूळ दुरुस्ती रखडली आहे असं समजा.

१०. अशा जागेचा काय उपयोग करता येतो? वाचनालय, चहाची टपरी, व्यायामशाळा?

जागेला काय झेपतं ते आधी विचारा. आत दहा-बारा माणसं उभी राहतील एवढीच जागा, उजेड कमी, हवा कोंडलेली, दार एक. व्यायामशाळा, गोदाम, शौचालय, विजेची डीपी हे सगळं बाद. वाचनालयही बाद, कारण त्या ओलीत पुस्तकं एक पावसाळा टिकणार नाहीत. दार किंवा खिडकी मोठी करावी लागत असेल तर तो उपयोग चुकीचा आहे, एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

जमणाऱ्या गोष्टी आहेत. ठाणे खाडीच्या काठाला सगळ्यात शोभेल तो उपयोग पक्षीनिरीक्षणाचा. खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा, मिळाला. अरुंद जंगी, आत अंधार, बाहेर मोकळं दृश्य: पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून जे मुद्दाम बांधावं लागतं ते इथे आयतं मिळतं. आत काही बदलायचं नाही, फक्त चर, दुरुस्त छत आणि बाहेर एक माहितीफलक.

जगात याची सगळी टोकं सापडतात. ब्रिटनमध्ये अनेक पिलबॉक्स वटवाघळांच्या विसाव्यासाठी राखले आहेत. सिंगापूरमध्ये पासिर पांजांगचा पिलबॉक्स जागच्या जागी, फलकासह उभा आहे. डेन्मार्कमध्ये ब्लॉवंडला जर्मन बंकर तसाच ठेवून शेजारच्या वाळूच्या टेकाडात २०१७ साली संग्रहालय बांधलं. नवं जे करायचं ते शेजारी करा, हा धडा मला तिथे फार मोलाचा वाटतो. नेदरलँड्समध्ये बंकर ५९९ चक्क मधोमध कापून उघडला. ते काम सुंदर आहे, पण त्या संरक्षणरेषेवर तसे सुमारे ७०० बंकर होते. आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले असताना ती नक्कल करू नये.

मुंबईतच मलबार हिलच्या राजभवनात २०१६ साली सापडलेल्या ब्रिटिशकालीन भुयारी खोल्यांचं २०१९ मध्ये संग्रहालय झालं. तो पिलबॉक्स नव्हे, आणि तिथे जागा व पैसा दोन्ही होतं. पण पुनर्वापराचं आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण त्याहून साधं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबं राहायला आली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आजही तिथल्या पत्त्यांत कॅम्प नंबर आणि बराक नंबर असतो. युद्धासाठी बांधलेल्या भिंतींनी जवळजवळ लाखभर माणसांना छप्पर दिलं. हे फलकावर लिहायला हवं.

११. ब्रिटिशांनी बांधलेलं जपायचं कशाला? गडकोटांनाच पैसा पुरत नाही.

पैशाचा मुद्दा खरा आहे, आणि शिवकालीन गड आधी, हे मलाही मान्य आहे. पण या मोर्च्यांना निव्वळ ब्रिटिशांचं म्हणणं मला पटत नाही. त्या युद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती. ८ डिसेंबर १९४१ ला, मध्यरात्र उलटताच, मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तेव्हा तिथल्या पिलबॉक्समध्ये डोग्रा रेजिमेंटचे जवान होते. हाँगकाँगच्या मोर्च्यांच्या रांगेत राजपूत आणि पंजाबी पलटणी होत्या. इटलीत मराठा पलटणी उलट बाजूने, मशिनगनच्या मोर्च्यांवर चालून गेल्या: १० जुलै १९४४ ला रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. अशी एक खोली आतून पाहिली की समोरून चालून जाणं म्हणजे काय ते मुलांना सांगावं लागत नाही.

१२. शंभर वर्षं झालेली नाहीत. मग कायद्याने वारसा ठरतो का?

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याला शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे १९४२ चं बांधकाम २०४२ पर्यंत त्यात बसत नाही. तोवर काहीच करता येत नाही असं मात्र नाही. ठाणे आणि नवी मुंबईला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंची यादी व श्रेणी यांची तरतूद आहे. महापालिकेकडे अर्ज करताना मोजमापं, फोटो, नकाशा आणि ही वास्तू का महत्त्वाची आहे याचं एक पानी टिपण जोडा. एवढी तयारी असलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

१३. जागा कोणाची आहे ते कसं शोधायचं? आत जायला परवानगी लागते का?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. मालक खाजगी, रेल्वे, वन विभाग, सिडको, मीठ आयुक्तालय किंवा संरक्षण खातं यांपैकी कोणीही असू शकतो, आणि परवानगी त्याचीच लागते. संरक्षण खात्याच्या जमिनीत लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, फोटो नको, ड्रोन तर अजिबात नको. युद्धकाळात घेतलेल्या जमिनींबद्दल गावकऱ्यांच्या भावना तीव्र असतात. धावपट्टीच्या जमिनीवरून झालेलं नेवाळीचं २०१७ चं आंदोलन आठवा. वारसा बघायला आलोय असं म्हणत थेट शिरण्याआधी गावात बोला.

खाडीकाठी आणखी दोन गोष्टी: किनारा नियमन क्षेत्र आणि कांदळवन. तिवरं तोडून वाट करणं हा गुन्हा आहे. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामालाही मनाई आहे. भराव न टाकता, ओहोटीला, जुन्या पायवाटेने जा.

१४. सोसायटीच्या पुनर्विकासात पिलबॉक्स मधोमध येतोय. बिल्डर म्हणतो, पाडू.

प्रश्न १२ मधल्या वारसा यादीत नसेल आणि जागा सोसायटीची असेल तर कायदा बहुधा अडवणार नाही. तरी नकाशा मंजूर व्हायच्या आधी आर्किटेक्टला तो आरजीमध्ये (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) बसवायला सांगा. मोकळी जागा तशीही सोडावीच लागते. जाड काँक्रीट ब्रेकरने फोडायला आठवडे जातात, शेजारच्या इमारतींना हादरे बसतात, खर्चही येतो. हा हिशेब कमिटीसमोर मांडा. पाडायचंच ठरलं तर आधी प्रश्न १७ मधली नोंदणी करा.

१५. आत वटवाघळं आहेत. हाकलायची का?

नाही. धूर करणं, फटाके लावणं तर मुळीच नाही. दुरुस्ती करायची असेल तर आधी वन विभागाला विचारा आणि पिल्लांचा काळ टाळा. माणसांना रोखायचं असेल तर दाराला आडव्या गजांचं, साधारण १५ सेंटिमीटर फटींचं ग्रिल लावा, वटवाघळं त्यातून ये-जा करतात. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीतून फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. मास्क घाला, जागा ओली करून मग काढा. नाग-घोणस तिथे असणार हे गृहीत धरून आधी टॉर्च मारा.

१६. साफसफाईत काडतूस किंवा गोळ्यासारखं काही सापडलं तर?

हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, पाणी ओतू नका. सगळ्यांना लांब न्या आणि ११२ वर फोन करा. ऐंशी वर्षांचा दारूगोळा जुना होतो, निरुपद्रवी होत नाही.

१७. पिलबॉक्स कलंडलाय आणि अर्धा चिखलात गेलाय. तरी वाचवायचा का?

नेहमी नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हॅपिसबर्गसारख्या ठिकाणी कडा ढासळून पिलबॉक्स किनाऱ्यावर आले. तिथे समुद्र अडवून त्यांना वाचवणं परवडणारं नव्हतं. आपल्या खाडीत एखादा मोर्चा वाचवण्यासाठी भराव घालावा लागत असेल, तिवरं जाणार असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: तिवरं राहू द्या.

पण जाऊ देण्याआधी त्याची पूर्ण नोंद करा. ब्रिटनमध्ये १९९५ नंतर स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून युद्धकालीन संरक्षणाच्या सुमारे २०,००० जागा नोंदवल्या. तेवढं मोठं काही नको. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, टेपने घेतलेली लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, प्रत्येक जंगीची दिशा, चारही बाजूंनी आणि आतून पट्टी ठेवून काढलेले फोटो, आणि गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांशी बोलून त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेली माहिती. एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत, एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात आणि एक स्वतःकडे ठेवा. भरती-ओहोटीच्या हिशेबाने दोन ओहोट्या पुरतात. पावसाळ्याच्या आधी उरकून घ्या.